मुलीला समाजशास्त्र हवं होतं

दहावीचा शेवटचा पेपर देऊन आल्याच्या तिसऱ्या दिवशी मुलीने जेवताना सांगून टाकलं, की अकरावीला ती सायन्स घेणार नाही, ह्युमॅनिटीज घेणार, आणि त्यात तिला सोशॉलॉजी हवं आहे. मी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. बायकोने माझ्याकडे बघितलं आणि लगेच पाण्याचा तांब्या माझ्या बाजूला सरकवला. माझा पारा चढायच्या आधीची तिची ही तयारी असते.

"गणिताची भीती वाटते का तुला?" मी विचारलं. तिला गणितात कायम मला पडायचे त्यापेक्षा चांगले मार्क पडत आले आहेत, त्यामुळे प्रश्न खुळचट होता.

"नो पप्पा. आय लाइक इट."

"काय लाइक? पुस्तक तरी बघितलंस का त्याचं?"

"बघितलं. लायब्ररीत. दोन टाइम वाचलं."

मी मस्कतजवळ रुसैलच्या एका कारखान्यात मेंटेनन्सचा प्रमुख होतो. यंत्र बंद पडलं की का बंद पडलं ते शोधायचं, दुरुस्त करायचं आणि खलास म्हणून हात पुसायचे, हे माझं काम. ज्या गोष्टीचं कारण सापडूनही ती दुरुस्त होत नाही, ती शिकायचीच कशाला, हा माझा मुद्दा होता आणि तो मी जेवण होईपर्यंत तीन वेळा सांगितला. खरा मुद्दा दुसरा होता. मराठवाड्यातल्या ज्या गावातून मी शिकत शिकत बाहेर पडलो, त्या गावाला, त्याच्या वेशीला, तिथल्या माणसांच्या नजरेला मी समाज म्हणत होतो. त्यापासून सुटण्यासाठी मी इंजिनिअर झालो, समुद्र ओलांडून मस्कतला आलो. आणि माझी एकुलती एक पोर म्हणत होती, मला तेच शिकायचंय. माझं डोकं फिरलं यात नवल नाही.

इथल्या भारतीय शाळा निकालाची वाट बघत नाहीत. एप्रिलमध्येच अकरावी सुरू करतात, आणि त्याआधी पालकांच्या सहीचा फॉर्म मागतात. आमच्या फॉर्मची मुदत रविवारपर्यंत होती. त्यात खाली अर्धं पान मोकळं ठेवलेलं होतं, विद्यार्थ्याने विषय निवडण्याचं कारण लिहावं म्हणून. मी तिला म्हटलं, "आधी ते पान भरून मला दाखव. कारण पटलं तर सही."

"ओके," ती म्हणाली. वाद घालायला ती माझ्यासारखी अधीर नाही. ती थांबते, आणि समोरचा थकला की बोलते. हा गुण तिने कुठून उचलला कोण जाणे.

बुधवारी संध्याकाळी शाळेत पालकांना बोलावलं होतं. आम्ही शाळेच्याच भागात, वादी कबीरला राहायचो, शाळा चालत दहा मिनिटांवर, पण त्या दिवशी रस्त्यावर इतक्या गाड्या होत्या की चालणंही अवघड झालं. हॉलमध्ये प्रत्येक विषयाचं एकेक टेबल. फिजिक्ससमोर रांग, अकाउंट्ससमोर रांग, कॉम्प्युटरसमोर तर आयांची धक्काबुक्की. सोशॉलॉजीच्या टेबलाशी एक केरळच्या बाई पाण्याची बाटली समोर ठेवून शांत बसल्या होत्या. केस पांढरे, साडी कडक इस्त्रीची. माझ्या जन्माआधीपासून शिकवत असाव्यात असं वाटलं. त्यांच्याकडे कुणीच नव्हतं, आणि मी गेलो तो भांडायलाच गेलो.

"मॅडम, हा विषय मुलं का घेतात?" मी इंग्रजीत विचारलं, आणि आवाजात जेवढी मिरची घालता येईल तेवढी घातली.

त्यांना राग आला नाही. त्या म्हणाल्या, काहींची मैत्रीण घेते म्हणून. काहींना कॉमर्समध्ये जागा मिळत नाही. काहींना कुणीतरी सांगितलेलं असतं की पुढे सरकारी परीक्षांना बरं पडतं. "पण दरवर्षी दोनतीन मुलं स्वतः मागून येतात. त्यांनी घरी कधीतरी काहीतरी विचारलेलं असतं, आणि त्यांना सांगितलेलं असतं, जा, दूध पिऊन घे."

पहिल्या तासाला बाई मुलांना एक चिठ्ठी लिहायला लावत, असं त्यांनी सांगितलं. घरी ज्याचं उत्तर मिळालं नाही असा एक प्रश्न, नाव न घालता. एकाने लिहिलं होतं, बाबांचा ड्रायव्हर बाबांच्याच वयाचा आहे, मग बाबा त्याला अरेतुरे का करतात? एकीने लिहिलं होतं, मी इथेच जन्मले, मग मी इथली का नाही, आणि जिथली म्हणतात तिथे मला कुणी का ओळखत नाही? कुणी लिहिलं होतं, आई आजीशी फोनवर बोलताना नेहमी खोटं का बोलते?

"मग तुम्ही उत्तरं देता?"

"उत्तरं कुठली देणार? मी त्यांना सांगते, तुम्हाला जे दिसलं त्याला पुस्तकात नाव आहे, ते आधीही लोकांनी बघितलंय, आणि ते बघायची एक रीत आहे. नाव आहे म्हटल्यावर मुलांचा जीव भांड्यात पडतो. तोवर त्यांना वाटत असतं की हे फक्त आपल्याच घरात आहे."

मी म्हटलं, "आमच्या घरात असं काही नाही. आम्ही सगळ्या प्रश्नांची उत्तरं देतो."

"व्हेरी गुड," बाई म्हणाल्या. त्या ज्या सुरात म्हणाल्या तो मला घरी पोचेपर्यंत टोचत राहिला.

शुक्रवारी सकाळी मी आणि मुलगी अल मवालेहच्या भाजीबाजारात गेलो. महिन्यातून दोनदा आमची ही फेरी ठरलेली असायची. तिला पेट्यांमधून आंबे हुंगायला आवडायचं आणि मला घासाघीस करायला. दोघं मराठीत बोलत होतो, म्हणजे मी मराठीत आणि ती तिच्या खिचडीत. कांद्याच्या पोत्यांपाशी एका माणसाने मागे वळून बघितलं. चाळिशीचा, कंपनीचा निळा शर्ट, चेहऱ्यावर ओळखीचं हसू.

"मराठी काय तुम्ही? बरा वाटला ऐकून! मी चिपळूणचा. एसीचा काम करतो. तुम्ही कुठले?"

बिचारा आपुलकीने विचारत होता. परदेशात मराठी माणूस भेटला की दुसरा मराठी माणूस हेच विचारतो. आधी कुठले, मग गाव कुठलं, मग आडनाव काय. तिसऱ्या उत्तरानंतर काही जण आणखी जवळ येतात, काही जणांचं घड्याळाकडे लक्ष जातं. कोण कुठल्या जातीचा निघेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून मी पहिल्याच प्रश्नाला फाटा द्यायला शिकलो होतो.

"नाशिककडचे," मी म्हटलं.

"अरे वा! बायको नाशिकचीच माझी! नाशकात कुठे?"

नाशिकला मी आयुष्यात एकदा गेलोय, एका मुलाखतीसाठी, आणि स्टँडवरूनच परत आलोय. "पंचवटी... साइडला," मी म्हटलं.

"पंचवटीत कुठे? सासुरवाडी तिथेच आमची!"

"आम्ही लहानपणीच बाहेर पडलो," असं काहीतरी पुटपुटत मी कांद्याचं पोतं उचललं. पाच किलो घ्यायचे होते, पंचवीस किलो घेऊन निघालो. मागून तो ओरडला, "अहो, आडनाव तरी सांगा!" मी ऐकू न आल्यासारखं केलं. मुलगी दोन पावलं मागे होती. तिने त्याला "बाय काका" म्हटलेलं मी ऐकलं.

गाडी हायवेला लागल्यावर ती म्हणाली, "पप्पा, लास्ट टाइम तुम्ही औरंगाबाद बोलले होते. त्या बँकवाल्या अंकलना पुणे बोलले होते."

"मग?"

"मग काही नाही. नाशिक फर्स्ट टाइम आला."

माझा तोल गेला. म्हटलं, "बापाच्या मागे मागे फिरून हे टिपत बसायचं, हाच का तुझा विषय? अनोळखी माणसाला माझं गाव कशाला सांगू मी? लोकांना नको तेवढी चौकशी असते!" मी बराच ओरडलो. ती खिडकीबाहेर बघत राहिली. मला वाटलं ती रडतेय, पण ती रडत नव्हती. घरी आल्यावर तिने निमूटपणे कांदे टोपलीत भरले, आणि उरलेल्यांचं काय करायचं ते आईला विचारलं.

शनिवारी कंपनीतला एक सहकारी आणि त्याची बायको चहाला येणार होते. पुण्याकडचे, माणसं चांगली. आमच्याकडे पाहुणे येणार म्हटलं की ठरलेली कामं असत. गाद्यांवर चादर बदलायची, बिस्किटं काढायची, आणि बेडरूमचं दार ओढून घ्यायचं. शेवटचं काम लहानपणापासून मुलीचं. तिला ते कुणी समजावून सांगितलं होतं असं मला आठवत नाही. आई करायची, मग ती करू लागली. बेडरूममध्ये पलंगाच्या समोरच्या भिंतीवर एक फोटो होता. निळा कोट, गोल चष्मा, हातात पुस्तक. नाव मी लिहीत नाही, पण मराठी वाचणाऱ्याला कळेल. त्याच्यामुळे माझ्या वडिलांच्या हातात पाटी आली आणि माझ्या हातात डिग्री. सकाळी कामावर निघताना मी त्या फोटोसमोर उभा राहिल्याशिवाय कधी बाहेर पडलो नाही.

हॉलमध्ये मात्र बुद्धाची मूर्ती होती, चांगली हातभर उंच. तिला लपवायची गरजच नव्हती, कारण हल्ली बुद्ध सगळ्यांच्याच घरात असतो, कुंडीशेजारी, दिव्याखाली. त्या दिवशीही पाहुण्या बाई म्हणाल्या, "किती छान पीस आहे हो. बुद्धा घरात असला की कसं पॉझिटिव्ह वाटतं. कुठून घेतलात?"

"मत्राहच्या सूकमधून," मी म्हटलं.

ती मूर्ती कुठल्या बाजारातली नव्हतीच, माझ्या आईने नागपूरहून स्वतःच्या लुगड्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन विमानातून आणली होती. मुलगी समोर चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही, ट्रे ठेवला आणि आत गेली. मला एकाएकी आठवलं, आजीला विमानतळावरून आणायला ती माझ्याबरोबर आली होती, आणि मूर्तीचं डोकं लुगड्यातून बाहेर येताना बघून तिने टाळ्या वाजवल्या होत्या.

पाहुणे गेल्यावर बायको कप आवरता आवरता म्हणाली, "अहो, आईंनी ऐकलं असतं तर?" मी तिलाही तोडून बोललो. म्हटलं, "दार तर तूच लावायला सुरुवात केलीस." ते खरं होतं, आणि मी सांगितल्यावरून केली होती हेही खरं होतं.

मस्कतमध्ये आमची माणसं कमी नव्हती. बरीच माझ्यासारखी इंजिनिअर, ऑफिसांत चांगल्या जागांवर. एप्रिलमधल्या जयंतीला ती एक हॉल घेऊन जमत. पहिली काही वर्षं आम्ही तिकडे फिरकलो नाही. फोटो काढतात, ते मोबाइलवर सगळीकडे फिरतात, कंपनीत कळायला वेळ लागत नाही, हा माझा हिशेब. मुलगी दहा वर्षांची झाली तेव्हा बायकोने हट्ट धरला म्हणून गेलो. स्टेजवर तोच फोटो, पुरुषभर मोठा, निळ्या पडद्यावर, हारांनी भरलेला. मुलगी दारातच थबकली आणि मोठ्याने म्हणाली, "पप्पा! हे तर आपल्या बेडरूममधले!"

आजूबाजूचे सगळे हसले. मीही हसलो. हसणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे तो बेडरूममध्येच होता, हे मला पुढे घरोघर जाणं सुरू झाल्यावर कळलं. पण त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, हे मी बघितलं आणि सोडून दिलं. पोर गर्दीला बुजली असेल असं वाटलं.

त्या शनिवारी पाहुणे गेल्यावर, ऊन उतरताना ती फॉर्म घेऊन माझ्याजवळ आली. अर्धं पान भरलं होतं, मागच्या बाजूलाही लिहिलं होतं. फॉर्म माझ्या हातात देऊन ती बाल्कनीत जाऊन उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून. इंग्रजीत लिहिलं होतं. मी त्याचं मराठी माझ्या शब्दांत देतोय.

"मी लहान होते तेव्हा आमच्या घरी कुणी येणार असलं की बेडरूमचं दार बंद करायचं काम माझ्याकडे होतं. आत एका माणसाचा फोटो होता. मला वाटायचं, या माणसाने काहीतरी वाईट केलंय. बहुतेक चोरी. तो आमचा नातेवाईक असेल, म्हणून फोटो फेकता येत नाही, आणि लोकांना दाखवताही येत नाही. आठ वर्षांची असताना शाळेत एका मुलीने मला माझी जात विचारली. मी घरी विचारलं, तर पप्पा म्हणाले, सांग आम्ही इंडियन आहोत, आणि आता झोप. मग दहा वर्षांची असताना एका हॉलमध्ये मी बघितलं, की त्या माणसासमोर खूप लोक हात जोडून उभे आहेत. म्हणजे तो चोर नव्हता. मग मला वाटलं, आमच्या घरच्यांनीच काहीतरी केलं असेल. माझे पप्पा कुणालाही घाबरत नाहीत. मालकालासुद्धा नाही. पण कुणी साधं गाव विचारलं की ते घाबरतात. आता मी मोठी आहे, इंटरनेटवर वाचलंय, मला माहीत आहे की आम्ही काहीही केलेलं नाही. मग काहीही न केलेल्या माणसाला असं लपायला कोण लावतं, आणि कसं? हे फिजिक्समध्ये नाही. सोशॉलॉजीच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात थोडंसं आहे. म्हणून मला हा विषय पाहिजे."

मी ते एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचायला घेतलं आणि चोरी या शब्दाच्या पुढे जाता येईना. आयुष्यात मी ज्याच्यामुळे माझ्या पायांवर उभा राहिलो, त्याला माझ्या घरात, माझ्याच लेकीने चोर समजलं होतं. तिला तसं कुणी बाहेरच्याने शिकवलं नव्हतं. गावच्या माणसांना मी आयुष्यभर नावं ठेवली, पण हे त्यांनी केलं नव्हतं. मी केलं होतं, रोज त्याच्यासमोर उभा राहून. मला इतकी लाज त्या गावातसुद्धा कधी वाटली नव्हती.

मी बाल्कनीत गेलो. खाली शाळेच्या रिकाम्या बसेस उभ्या होत्या. तिने न वळता विचारलं, "पप्पा, तुम्हाला आपली लाज वाटते?"

"नाही गं," मी म्हटलं. "भीती वाटते. लाज कधीच नाही."

"मला दोन्ही सेम दिसायचे," ती म्हणाली.

मग मी तिला गावाचं नाव सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून बघितलं, ळ चुकवून. तालुका विचारला. घर कुठल्या बाजूला होतं ते विचारलं, आणि गावाच्या त्याच बाजूला का होतं तेही विचारलं. मी एकेक करून सांगत गेलो. सूर्य बुडेपर्यंत आम्ही उभे होतो, आणि मला मध्ये कुठेही थांबावंसं वाटलं नाही. बोलता बोलता मी डोळे पुसले तेव्हा ती दुसरीकडे बघत राहिली, आणि मग पुढचा प्रश्न विचारला.

आत येऊन मी फॉर्मवर सही केली. नेहमी मी नुसती दोन अक्षरं करतो. त्या दिवशी आडनावासकट पूर्ण केली, वाचता येईल अशी.

मुलगी फॉर्म शाळेच्या बॅगेत ठेवायला गेली, तर बायको म्हणाली, "मला तरी बघू द्या काय लिहिलंय." तिचं इंग्रजी बेताचं, म्हणून मुलीच्या हातून फॉर्म घेऊन मी तिला मराठीत सांगत गेलो. चोरीपाशी तिने तोंडावर पदर धरला. मुलगी दारात उभी राहून आमच्याकडे बघत होती. सगळं ऐकून झाल्यावर बायको हळू आवाजात मला म्हणाली, "एवढी वर्षं हे मनात ठेवून वावरली पोर? कुणाला एका शब्दाने बोलली नाही?"

"नाही."

"आपल्यावरच गेली," ती म्हणाली.